अँग्री 'ऑन' मी नाही, मग काय? भावना, मराठी डोकं आणि इंग्रजी प्रिपोझिशन

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. मी नाशिकजवळ द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचं काम बघते. जानेवारी ते एप्रिल श्वास घ्यायला फुरसत नसते. माल थंड कंटेनरमधून न्हावाशेव्याला जातो, तिथून बोटीने रॉटरडॅमला. मधे कुठेही उशीर झाला की खुलाशाचा मेल मी लिहायचा. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. काळ चुकत नाहीत, स्पेलिंगही चुकत नाही. पण राग, आनंद, काळजी असलं काही लिहायची वेळ आली की विशेषणापुढचा तो दोन-तीन अक्षरी शब्द कुठला घ्यावा, इथे हात अडतो.

गेल्या आठवड्यात एक कंटेनर पाच दिवस उशिरा पोचणार असं कळलं. माझा मसुदा असा होता: 'प्लीज डोंट बी अँग्री ऑन अस. वुई आर ऑल्सो डिसअपॉइंटेड फ्रॉम द डिले. वुई आर वरीड फॉर द क्वालिटी.' साहेबांनी तिन्ही ठिकाणी लाल रेघ मारली आणि दुरुस्त करून दिलं. का, ते विचारलं तर म्हणाले, तसंच असतं.

दुसऱ्याच दिवशी कळलं की तिकडच्या खरेदी विभागातल्या ज्या बाईंशी मी चार वर्षं मेलवर बोलते आहे, त्यांचे वडील गेले. मी लिहिलं, 'आय फील सॉरी फॉर यू.' पाठवायच्या आधी वाटलं, हे बरोबर आहे ना? खात्री होईना म्हणून पाठवलंच नाही. आज तीन दिवस झाले. मनाला लागून राहिलंय.

याद्या नकोत. याद्या नेटवर ढिगाने मिळतात आणि पाठ करून आठवड्यात विसरायला होतात. मराठीतून विचार करणाऱ्याने यातून वाट कशी काढायची, ते कुणी सांगेल का?

शब्दपंढरी

बाकीचं नंतर, आधी तो मेल आज पाठवा. तीन दिवस हा उशीर नाही. 'आय वॉज व्हेरी सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर' असं लिहा. किंवा 'आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस', हे सगळीकडे रुळलेलं वाक्य आहे.

तुमचं वाक्य न पाठवलंत ते बरं केलंत. 'फील सॉरी फॉर' या जोडणीत दया येते. रस्त्यात भिजणाऱ्या पिल्लाबद्दल म्हणावं तसं. ज्या माणसाच्या बरोबरीने आपण उभे आहोत त्याला थेट 'आय फील सॉरी फॉर यू' म्हटलं तर 'मला तुझी कीव येते' असं ऐकू जाऊ शकतं. पुष्कळदा तर भांडणात टोचून बोलायला हेच वाक्य वापरतात.

द्राक्षवेल

पाठवला. आत्ताच. खूप खूप आभार.

कृष्णाकाठचा मास्तर

मी चौतीस वर्षं सांगलीकडच्या शाळांत इंग्रजी शिकवलं. आठवी ते दहावीच्या वह्या तपासताना जी चूक सगळ्यात जास्त वेळा लाल केली असेल ती हीच, 'अँग्री ऑन'. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुलं 'ऑन' कुठून आणतात? मराठीतूनच. आपल्याकडे भावना माणसाच्या 'वर' असते. बाबा माझ्यावर रागावले, चिडले, खवळले. साहेब माझ्यावर खूश आहेत. आजीचा नातवावर जीव आहे. माझा तुझ्यावर विश्वास आहे, प्रेम आहे. राग काय नि लोभ काय, दोन्ही वरून खाली येतात, पावसासारखे. आणि शाळेत 'वर' म्हणजे 'ऑन' हे पहिलीतच शिकवलेलं असतं, टेबलावरच्या पुस्तकाचं उदाहरण देऊन. मुलाचा दोष काहीच नाही. त्याने ऐकलेलं मनापासून वापरलं.

इंग्रजीत भावनेच्या विशेषणापुढे 'ऑन' जवळजवळ येतच नाही. रोजच्या वापरातला 'कीन ऑन' हा एक मला आठवतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे मनात 'वर' उमटलं की थांबायचं आणि समोर माणूस आहे की गोष्ट, हे बघायचं. माणूस असेल तर 'विथ': अँग्री विथ मी, हॅपी विथ मी, अनॉइड विथ मी, प्लीज्ड विथ मी. गोष्ट असेल तर 'अबाउट': अँग्री अबाउट द डिले. दोन्ही एकाच वाक्यात नांदतात: 'शी वॉज अँग्री विथ अस अबाउट द डिले.' मराठीत म्हणू, उशिरावरून ती आमच्यावर चिडली. 'वरून' आणि 'वर' आपण वेगळे ठेवतोच, फक्त इंग्रजीत जाताना दोन्हींचा 'ऑन' करून बसतो.

दुसरी वाट जास्त सोपी आहे आणि ती मराठीनेच दिलेली आहे. आपण भावना बहुतेक वेळा नाम करून सांगतो आणि तिच्या कारणाला चा-ची-चे लावतो. सापाची भीती. चुकीची लाज. लेकीचा अभिमान. शेजाऱ्याचा हेवा. गाण्याची आवड. रोजच्या कटकटीचा वीट. आता यांची इंग्रजी विशेषणं घ्या: अफ्रेड, अशेम्ड, प्राउड, जेलस, फाँड, टायर्ड. सगळ्यांपुढे 'ऑफ' येतो. षष्ठी दिसली की 'ऑफ' लावून बघा, पुष्कळ वेळा बसेल.

मात्र चार जागी दगा बसतो, त्या वेगळ्या लिहून ठेवा. तुझा राग आला: अँग्री विथ यू. परीक्षेची काळजी: वरीड अबाउट. त्याच्या बोलण्याचं आश्चर्य: सरप्राइज्ड ॲट किंवा बाय. कामाचा कंटाळा: बोअर्ड विथ किंवा बाय.

अनुष्टुभ

मास्तर, नमस्कार. तुमचं वाचून शाळेतलं संस्कृत आठवलं. दहावीला संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाने उपपद विभक्ती, म्हणजे अमुक शब्द आला की अमुक विभक्ती, घोकलेली असते. क्रुध् आला की चतुर्थी: पिता पुत्राय क्रुध्यति. भी आला की पंचमी: बालः सर्पात् बिभेति. स्निह् आला की सप्तमी: माता पुत्रे स्निह्यति. 'मुलावर प्रेम' करताना संस्कृत आई मुला'त' प्रेम करते, हे मला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं.

इंग्रजी प्रिपोझिशन म्हणजे हीच उपपद विभक्ती आहे. धातूऐवजी विशेषण आणि प्रत्ययाऐवजी सुटा शब्द, एवढाच फरक. आपण ते संस्कृतात बिनतक्रार शिकलो, कारण बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की अर्थ मराठीतून काढू नका, धातूला विचारा.

पाणिनीने यावर नुसती यादी दिलेली नाही, कारणही दिलं आहे. 'भीत्रार्थानां भयहेतुः' हे १.४.२५ वं सूत्र. भीतीचं जे कारण, ते अपादान, म्हणजे ज्याच्यापासून दूर व्हायचं ते ठिकाण. म्हणून पंचमी. रागासाठी १.४.३७ मध्ये 'यं प्रति कोपः' असं म्हटलं आहे, ज्याच्याकडे राग धावतो तो संप्रदान, म्हणून चतुर्थी. भीतीत माणूस मागे सरतो, रागात पुढे जातो, आणि विभक्ती ती दिशा दाखवते.

आता इंग्रजी 'ऑफ' बघा. जुन्या इंग्रजीत एका एफचा आणि दोन एफचा 'ऑफ' हे वेगळे शब्द नव्हतेच, एकच होता आणि त्याचा अर्थ 'पासून, दूर' असा होता. 'अफ्रेड ऑफ'मधला 'ऑफ' मला म्हणून सर्पात् मधल्या पंचमीसारखा वाटतो. आणि 'अँग्री ॲट'मधला 'ॲट' नेम धरल्यासारखा पुढे जातो. मराठीने भीतीची पंचमी सोडली आणि षष्ठी धरली, म्हणून आपल्याला तो 'ऑफ' नुसता चा-ची-चे वाटतो.

मिठागर

वाचायला छान आहे, पण मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो आणि माझा अनुभव वेगळा आहे. हे सगळं तर्कशास्त्र उत्तर माहीत असलेल्यालाच पटतं. ज्याला माहीत नाही त्याला 'ॲट' पुढे जातो की 'विथ' बरोबर चालतो, हे परीक्षेच्या खोलीत काय कळणार? 'टायर्ड ऑफ' आणि 'सिक ऑफ' चालतं, मग 'फेडअप विथ' का? अर्थ तर एकच. 'इंटरेस्टेड इन' का आणि 'कीन ऑन' का? याला दिशेचं उत्तर नाही. विशेषण आणि त्याचं शेपूट मिळून एकच शब्द आहे असं समजून पाठ करावं. 'इंटरेस्टेडिन' असा एक शब्द.

'बोअर्ड ऑफ'चं तर आणखीच अवघड. मुलं मालिका बघतात, तिथे सर्रास 'बोअर्ड ऑफ' ऐकतात, आणि मी ते चूक म्हणून खोडतो. मग ती माझ्याकडे संशयाने बघतात.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. मिठागर, मुलांचा संशय रास्त आहे, 'बोअर्ड ऑफ' आता खूप लोक बोलतात. शब्दकोशांत त्याची नोंदही असते, बहुतेक वेळा अनौपचारिक म्हणून. परीक्षेत आणि कचेरीच्या पत्रात 'विथ' किंवा 'बाय' ठेवायचं, बोलताना कुणी अडवत नाही, असं सांगितलं तर त्यांना पटेल.

इकडचं एक सांगते. मास्तरांनी माणसापुढे 'विथ' सांगितलं, ते ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे चालतं, त्यामुळे तेच धरा. पण अमेरिकेत माणसालाही 'अँग्री ॲट' सर्रास म्हणतात, आणि 'मॅड ॲट' तर त्याहून जास्त. माझी लेक रोज एकदा तरी 'आर यू मॅड ॲट मी?' विचारते. हेच 'मॅड' 'अबाउट' घेऊन आलं की अर्थ उलटू शकतो, 'मॅड अबाउट क्रिकेट' म्हणजे क्रिकेटचं वेड. 'एक्सायटेड फॉर'ही इकडे आता कानावर पडतं, मी लिहिताना मात्र 'अबाउट'च लिहिते.

कृष्णाकाठचा मास्तर

मिठागर, 'इंटरेस्टेड इन'ला उत्तर आहे. आपण म्हणतो, मला राजकारणात रस नाही. 'त' म्हणजे 'इन'. तिथे तर मराठी हात धरून नेते. पण 'फेडअप विथ'चं तुमचं म्हणणं मान्य, मलाही कारण सापडलेलं नाही आणि मी मुलांकडून ते पाठच करून घेत असे.

तरी सगळं पाठांतरावर सोडू नये असं का वाटतं, ते सांगतो. पुष्कळ विशेषणं दोन-दोन, तीन-तीन प्रिपोझिशन घेतात आणि दर वेळी अर्थ बदलतो. पाठ करणारा एकच धरून बसतो.

एकदा नववीच्या वर्गात हजेरी घेत होतो. छताच्या वाशावरून पाल पडली, थेट हजेरीपटावर. पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली. सगळे हसले तशी ती उभी राहून म्हणाली, 'सर, मी दचकले, पण मला पालीची भीती नाही वाटत.' मी हजेरी तशीच टाकली आणि तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. 'आय वॉज फ्रायटन्ड बाय द लिझर्ड, बट आय ॲम नॉट फ्रायटन्ड ऑफ लिझर्ड्स.' पालीने दचकवलं, एकदा, त्या क्षणी, ते 'बाय'. पालीची भीती, कायमची, स्वभावातली, ती 'ऑफ'. तृतीयेचा 'ने' आणि षष्ठीची 'ची', फरक मराठीत आधीच होता. त्या वर्गाने 'बाय' आणि 'ऑफ' पुन्हा चुकवला नाही.

तसंच 'टायर्ड'. प्रवासाने दमलो: टायर्ड फ्रॉम द जर्नी. प्रवासाला कंटाळलो: टायर्ड ऑफ ट्रॅव्हलिंग. द्राक्षवेल, तुमच्या डिसअपॉइंटेडपुढचा 'फ्रॉम' बहुधा 'उशिरामुळे'मधल्या 'मुळे'तून आला. दमण्याला तो चालतो, हिरमोड होण्याला नाही. तिथे 'डिसअपॉइंटेड बाय द डिले' किंवा 'अबाउट द डिले'.

ओसरी

मास्तर, 'डिसअपॉइंटेड इन' पण असतं ना? माझ्या मुलाच्या डायरीत शेरा आला होता, 'आय ॲम डिसअपॉइंटेड इन हिम.' गुण कमी पडले होते, एवढंच. मी इंग्रजी शब्दाला शब्द लावून वाचलं आणि फार मनावर घेतलं नाही. मुलगा मात्र दोन दिवस जेवला नाही नीट.

कृष्णाकाठचा मास्तर

मुलाने बरोबर वाचलं, ओसरीताई. 'डिसअपॉइंटेड विथ हिज मार्क्स' म्हणजे गुण पाहून निराश झालो. 'इन हिम' म्हणजे त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती, माझा विश्वास होता तो ढळला. निकालासाठी 'विथ' पुरतो. माणसापुढे 'इन' लिहायचं तर गोष्ट तेवढी मोठी हवी. कमी पडलेल्या गुणांसाठी मी कधी लिहिला नसता. पोराला जवळ घेऊन सांगा की शेरा गुणांवर आहे, त्याच्यावर नाही.

शब्दपंढरी

'फॉर' राहिलाच, आणि द्राक्षवेल यांची तिसरी लाल रेघ तीच आहे.

'फॉर' म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला जे आलं किंवा येईल, त्याची भावना आपल्या मनात. म्हणून तो बहुतेक जिवंत माणसापुढे शोभतो. तुझं लग्न ठरलं, मला आनंद झाला: हॅपी फॉर यू. 'हॅपी विथ यू' म्हटलं तर तुझ्या कामावर समाधानी आहे असा अर्थ होईल. द्राक्षांच्या दर्जाचं असं नसतं, तो काळजीचा विषय आहे, म्हणून 'वरीड अबाउट द क्वालिटी'.

सगळ्यात नाजूक जागा 'अफ्रेड'ची. गावाकडची आई म्हणते, 'पोरगा रात्रीचा गाडी चालवतो, मला त्याची लई भीती वाटते.' मराठीत कुणाचा गैरसमज होत नाही. पण षष्ठी बघून 'अफ्रेड ऑफ माय सन' लिहिलं तर पोरगा आईला मारतो की काय असं वाटेल. तिथे 'अफ्रेड फॉर माय सन'. चा-ची-चे लागला तरी भीती मुलापासून आहे की मुलासाठी, एवढं विचारून पुढे जायचं.

जाता जाता: हल्ली मराठीत 'मी तुझ्यासाठी आनंदी आहे' असं ऐकू येतं. ते या 'हॅपी फॉर यू'चं उलट भाषांतर आहे. 'ऐकून फार बरं वाटलं' हे आपलं वाक्य असताना ते कशाला हवं?

तळमजला

दोन गोष्टींची भर घालतो, मला नोकरीत फार उशिरा कळल्या म्हणून.

एक, प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतो: अफ्रेड ऑफ फॉलिंग, टायर्ड ऑफ वेटिंग. 'अफ्रेड टू' वेगळं. 'आय वॉज अफ्रेड टू आस्क' म्हणजे भीतीने विचारलंच नाही. 'अफ्रेड ऑफ लूझिंग द ऑर्डर' म्हणजे ऑर्डर जाईल की काय ही धास्ती. पहिल्यात आपण पाऊल उचलत नाही, दुसऱ्यात आपल्या हातात नसलेलं काही घडेल असं वाटतं.

दोन, 'की' जोडून पुढे अख्खं वाक्य येणार असेल तर प्रिपोझिशन गळून पडतं. 'वरीड अबाउट दॅट द कंटेनर विल बी लेट' नाही, नुसतं 'वरीड दॅट'. प्राउड दॅट, सॉरी दॅट, हॅपी दॅट, सगळीकडे तेच. अगदीच अडलं तर वाक्य असं फिरवावं, म्हणजे 'ऑन' की 'विथ' हा प्रश्नच उरत नाही.

मिठागर

तळमजला, हे उद्याच वर्गात सांगतो. आणि मास्तर, तुमची पालही घेतो, परवानगी असेल तर.

कृष्णाकाठचा मास्तर

खुशाल घ्या.

द्राक्षवेल

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. कंटेनरचा मेल पुन्हा लिहिला तर असा झाला: 'वुई अंडरस्टँड इफ यू आर अँग्री विथ अस अबाउट द डिले. वुई आर डिसअपॉइंटेड बाय इट टू, अँड वरीड दॅट द ग्रेप्स मे लूझ फ्रेशनेस.' साहेबांनी वाचला आणि काही न खोडता पाठवा म्हणाले.

त्या बाईंचं उत्तर आज सकाळी आलं. तीन ओळींचं. त्यात 'आय ॲम ग्रेटफुल टू यू फॉर रायटिंग' असं आहे. आपण 'तुमची आभारी' म्हणतो, षष्ठी, पण इथे 'ऑफ' नाही, माणसाला 'टू' आणि कारणाला 'फॉर'. दगा बसणाऱ्या चार जागांखाली ही पाचवी लिहून ठेवली.

आणि शेवटची ओळ, 'आय वॉज टच्ड बाय युअर मेसेज.' हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तुझ्या निरोपाने. 'ने' आहे, म्हणून 'बाय'.